चौथं कडवं

दि. ९ मार्च, दुपार

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? माझा डावा डोळा आता नुसता शोभेला उरलाय. अक्षर मात्र अजून वळणदार आहे, म्हणून संग्रहालयात आठवड्यातून तीन दिवस वस्तूंची कार्डं लिहायला बोलावतात. खिडकीजवळची खुर्ची, दोनदा चहा. बसल्या बसल्या आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू भांडी विसळायचीस, मी शाळेतल्या कविता म्हणायचो. अडखळलो की पळी उगारायचीस, "पोपटा, पुन्हा पहिल्यापासून!"

गेल्या महिन्यात एक पेटी आली. घरांवर चालून जाणाऱ्या त्या दलाची. कुणाच्या तरी माळ्यावर पडून होती. दंडावर बांधायच्या पट्ट्या, शिट्ट्या, आपल्या गल्लीतल्या घरांची यादी, गाण्यांची पुस्तिका. इथल्या मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. मी म्हटलं, "ही घाण कशाला जपायची? जाळून टाका." हातमोजे चढवत त्या म्हणाल्या, "जाळायचं काम त्यांनी भरपूर केलंय, आजोबा. तुम्ही लिहून काढा."

इथला नियम साधा आहे. डाग धुवायचा नाही, फाटलेलं शिवायचं नाही, आणि वस्तूवर आहे तेवढंच कागदावर उतरवायचं. मी दलाचं संचलनाचं गाणं उतरवलं. कवीच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं आणि चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुस्तिका आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले.

"आजोबा, शेवटचं पान फाटलंय. इथे तीनच कडवी आहेत. चौथं कुठून आणलंत?"

चाल मनात होती, ताई. हात आपोआप पुढे गेला.

"लहानपणी ऐकलेलं," मी म्हणालो. "सगळी गल्ली म्हणायची."

"मग आणखी कुणाला येत असेल?"

"माझ्या बहिणीला," म्हणालो आणि जीभ चावली.

तुला येणारच. तुझ्या उंबऱ्यासमोर उभं राहून म्हटलं दलाच्या पोरांनी. 'निळ्या दारामागे वैरी, मोजा त्याची घटका.' गल्लीत निळं दार एकच होतं आणि घड्याळजीही एकच. भाऊजी.

त्यांना मारल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी तू मला विचारलंस, "हे तुझं आहे का रे?" मी म्हणालो, "पोरं म्हणतात ते म्हणतो. मी आपला पोपट." त्यानंतर आपली नुसती खुशालीची पत्रं.

मी सोळा वर्षांचा होतो. तू त्यांच्याशी लग्न करून गेलीस आणि घरात माझ्या कविता ऐकायला कुणी उरलं नाही. दलाच्या लोकांनी ऐकल्या. टाळ्या वाजवल्या. ओळ वृत्तात बसावी म्हणून 'निळ्या' घातलं, असं आयुष्यभर स्वतःला सांगत आलो. 'जुन्या' तितकंच छान बसलं असतं गं. जुनी दारं गल्लीत चाळीस होती.

आज सकाळी कार्ड परत मागून घेतलं. 'अज्ञात' खोडून माझं पूर्ण नाव घातलं, खाली शाळेचं आणि इयत्तेचंही. मॅडमनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. शिपायाला चहा सांगितला, एकच कप, स्वतःसाठी.

पुढच्या सोमवारी ते काचेआड लागेल. तुझ्या नातवंडांपैकी कुणी वाचून तुला सांगण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. उत्तर नाही आलं तरी वाट पाहीन, असं लिहिणार होतो. तोही हक्क नाही.

दर पत्राखाली 'तुझा पोपट' अशी सही करतो. आज करवत नाही. पोपट दुसऱ्यानं शिकवलेलं बोलतो. ते कडवं मला कुणी शिकवलं नव्हतं.

धाकटा