अर्ध्या एकरात वांगी लावू नयेत

मी, गोपिका पुंडलिकराव उमाटे, वय त्र्याहत्तर, धंदा भाजीची शेती, राहणार सेलू, जि. वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझं डोकं फिरलंय असं आमचा भाजीपाला गट वीस वर्षं म्हणतो, म्हणून मुद्दाम घेतला.

१. राहतं घर आणि माझ्या नावचं दीड एकर ओलिताचं वावर मुलगा नीरज याला. त्याने तिथे खुशाल वांगी लावावीत. नीरज गटाचा सचिव आहे. एकवीस घरांनी एकाच जातीचं वांगं लावायचं, सारख्या क्रेटमध्ये भरायचं आणि पहाटे पाचला गाडी नागपूरला काढायची, ही शिस्त त्याची. पूर्वी आमचा निम्मा माल गाडीची वाट पाहतच सुकायचा. त्याचं हे काम चोख आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही.

२. पाटल्या मुलगी उज्वला हिला. त्यावर कोणी बोलू नये.

३. विहिरीजवळचं अर्धं एकर, तेही माझ्याच नावचं, वरच्या दीड एकराखेरीज. भांडण इथे आहे. गट सुरू झाला तेव्हा मीच नियम घातला की या तुकड्यात आधी कोणी न केलेलंच पीक घ्यायचं. ज्याचा प्रयोग फसेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असंही ठरवलं, ही माझी चूक. दुसऱ्या वर्षी कोणी पुढेच येईना. मग मी उलटं केलं: ज्याने वर्षभर काहीच नवं केलं नाही त्याने चहा पाजायचा. अध्यक्ष रूपराव भोयर यांनी सलग सहा वर्षं पाजला आणि सातव्या वर्षी ठराव करून नियमच काढून टाकला.

माझे अकरातले आठ प्रयोग फसले. ब्रोकोली उन्हाने गेली, अळिंबी सडली. पण ज्या मे महिन्यात बाजारात वांगीच वांगी झाली आणि गाडी भरलेली परत आली, तेव्हा जुन्या लुगड्यांच्या सावलीत वाढवलेल्या माझ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तेवढ्या विकल्या गेल्या. आज सगळे हिरव्या जाळीखाली तेच करतात आणि माझं नाव कोणी घेत नाही. मला याचा राग आहे.

मागच्या महिन्यात रूपराव घरी आले. "बाई, अर्धं एकर फुकट पडून राह्यलं. तुमच्या मागं तिथं वांगीच लावू."

"माह्या मागं काऊन? माह्यासमोर लावून पाहा."

म्हणून हे अर्धं एकर नीरजला नाही, गटालाही नाही, सून रंजिता हिला. ती घाबरली. "मले नाई जमलं तं, आई?"

"तं नाई जमलं. दुसरं लावजो."

तीन वर्षं तिला किती निघालं असं कोणी विचारू नये. जे पीक जमेल ते वाढवायला नीरजकडे द्यावं आणि तुकडा पुन्हा मोकळा करावा. सोपं पडतं म्हणून तिने तेच पीक दोनदा घेतलं, तर तिच्याकडूनही काढून ज्याला नवं सुचेल त्याला द्यावा.

४. यंदा तिथे काटवल, म्हणजे कर्टुलं, पेरलं आहे. ते रानातच उगवतं, वावरात नाही, असं सगळे सांगतात. कदाचित खरंही असेल. ते पाहायला मी बहुधा नसेन. उगवलं नाही, तर माझी लाज राखायला गुपचूप दुसरं काही लावू नये. बांधावर पाटी लावावी: काटवल, गोपिका उमाटे, फसलं.

ठिकाण: सेलू
दिनांक: १९ जून २०२५
सही: गोपिका पुंडलिकराव उमाटे

साक्षीदार:
१. चंद्रभान झाडे, शेजारी.
२. रूपराव भोयर, गटाचे अध्यक्ष. मजकूर मान्य नाही. बाईंनी सही माझ्यासमोर केली, हे मान्य.