वरच्या खोलीतली कडी

प्रिय बाळ,

सासऱ्यानं सुनेला पत्र लिहायचं म्हणजे मला घामच फुटलाय. जन्मभर हातात थापी धरलेला गवंडी मी, पेन धरलं की अक्षरं ओळ सोडून चालायला लागतात. पण तू माहेरी गेल्यापासून फोनवर तुझा आवाज ऐकला की उगाच हवापाण्याचं काहीतरी बोलतो आणि फोन आईच्या हातात देतो. परवा तू म्हणालीस, बाबा, वरच्या खोलीच्या छतातली ती कडी तेवढी कापून टाका, ती दिसली की मला तिथं उभं राहवत नाही. मी हो म्हणालो होतो. त्या कामाचं काय झालं ते सांगायला बसलोय.

खोली बांधायची ठरली तेव्हा मी किती तोंडसुख घेतलं होतं, आठवतं? घर जुनं, पाया बेताचा. वर विटांच्या भिंती चढवल्या असत्या तर खाली तडे गेले असते, हे मलाही कळत होतं. पण आपल्या चिरंजीवांनी थर्मोकोलच्या भिंतींचा उपाय काढला तेव्हा मी म्हटलं, टीव्हीच्या खोक्यातून निघतं त्यात माझी सून राहणार का? तेव्हापासून मी त्याला थर्मोकोलवालाच म्हणायला लागलो. तो नुसता हसायचा. साइटवर तो हेच काम करायचा, त्याला सगळं तोंडपाठ. मधे थर्मोकोल, दोन्ही बाजूंना तारेची जाळी, वरून सिमेंटचा गिलावा. वजन विटेच्या मानानं अगदीच कमी, ऊन आत येत नाही, सामान वाहायला माणसं लागत नाहीत. आईला आगीची धास्ती, तर त्यानं अंगणात एका तुकड्याला काडी लावून दाखवली. तुकडा वितळला, पण काडी बाजूला केली तसा विझला. तरी आईनं पाण्याची बादली जवळ आणून ठेवलीच होती.

आणि तुम्ही दोघं! अख्खी भिंत दोन टोकांना धरून गप्पा मारत जिना चढायचात. छतावर अंथरायचा थर्मोकोलचा एक कोरा तक्ता वाऱ्यानं उडाला आणि शेजारच्या शिंपीणबाईंच्या दारात जाऊन पडला. त्यांनी हाक मारली, अहो, तुमचं छत आमच्याकडे आलंय, घेऊन जा. तुम्ही दोघं पायरीवर बसून पोट धरून हसत होतात आणि तक्ता आणायला शेवटी मलाच जावं लागलं.

त्या भिंतींची एकच अट होती. विटेच्या भिंतीत मनात आलं की खिळा ठोकावा. इथं काही जड टांगायचं तर ते आधीच ठरवायचं आणि गिलाव्यापूर्वी त्या जागी लाकूड नाहीतर सळई बसवायची. तो हातात खडू घेऊन तुझ्या मागे मागे फिरायचा, आरसा कुठं, कपाट कुठं. मी छताला गिलावा करत होतो तेव्हा पंख्याच्या कडीशिवाय खिडकीकडे आणखी एक कडी दिसली, चांगल्या जाड सळईला बांधलेली. ही कशाला रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, असू दे, वजन पेलेल. कान मात्र लाल झाले होते त्याचे. मी काय समजायचं ते समजलो आणि तिच्या भोवतीनं जपून गिलावा केला. खाली येऊन आईलाही बोललो नाही, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे. तुला त्यानं पुढं सांगितलंच असेल.

उन्हाळ्यासाठी म्हणून ती खोली बांधली आणि उन्हाळा लागायच्या आधीच तो गेला. सकाळी डबा घेऊन कामाला निघाला आणि चौकात त्या ट्रकनं... पुढचं मी तुला काय लिहू. आता दुपारी खालचं घर तापलं की आई वर जाऊन बसते. भिंतीला हात लावते आणि म्हणते, बघा, तो म्हणाला होता तशीच गार आहे. त्याचं सगळं खरं निघालं गं, आणि थर्मोकोलवाला म्हणून चिडवायला समोर कुणी नाही.

रविवारी करवत घेऊन वर गेलो. शिडी लावली, कडी हातात धरली. गवंड्याची खोड, कापायच्या आधी ओढून बघितली. मग दोन्ही हातांनी लोंबकळलो. या वयात! आई खालून ओरडतेय, हाडं मोडून घ्याल म्हणून. पण कडी हलली नाही, छताला केसाएवढी भेग नाही. मग मी शिडीवरच बसलो आणि ढसाढसा रडलो. आई बिचारी शिडी धरून उभी होती, तीही रडत होती.

कडी मी कापलेली नाही. कापणारही नाही. आता खरं काय ते ऐक. मागच्या आठवड्यात तुझे वडील येऊन गेले. तुला कळू देऊ नका म्हणाले होते, पण माझ्या पोटात काही राहत नाही. तुमच्या शेजारच्या त्या औषधांच्या दुकानवाल्यानं तुला मागणी घातली आहे, माणूस चांगला आहे, तुझ्याही मनात आहे, पण सासूसासऱ्यांना मागे कोण, म्हणून तू नाही म्हणतेस. वेडाबाई, आम्ही दोघं आहोत एकमेकांना, भांडायला पुरेसे. तू हो म्हण. आमचा मुलगा गेला. मुलगी आम्ही जाऊ देणार नाही, लग्न करून गेलीस तरी. हे तुझं माहेर समज. उद्या तुला मूल होईल, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात त्याला घेऊन इकडेच ये. खालच्या उकाड्यात ते झोपायचं नाही. वर नेऊ, खिडकीपाशी त्या कडीला पाळणा बांधू. वजन पेलेल, तो म्हणाला होता.

तुझेच,
बाबा