तुझ्या रिकाम्या खुर्चीचा निकाल

बफेलो,
एप्रिलचा शेवटचा रविवार

ती. लॉरेनआत्यास,
टेसाचा नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने तिला उतार पडला असेल, अशी आशा आहे. इथे अंगणात परवापर्यंत बर्फाचा एक मळकट ढीग उरला होता. आजोबांनी तो फावड्याने फोडून संपवला, म्हणजे त्यांची तब्येत उत्तम आहे. माझीही आहे. नीलदादाचं साखरपुड्यापासून वजन वाढलं आहे, आणि त्याची शेल्बी (बॉस्टनची, होय, आपल्या हाडवैरी क्लबच्या बॉस्टनची) घरात सगळ्यांना आवडते. मलाही आवडते. हे पत्र तिच्याविषयी नाही.

तू फ्लोरिडाला गेल्यापासून रविवारच्या सामन्यांना स्टेडियममधली आजोबांच्या शेजारची तुझी खुर्ची रिकामी असते. ती कोणाला मिळणार, हे यंदा ड्राफ्टच्या अंदाजांवर ठरेल, असं आजोबांनी ईस्टरच्या जेवणात जाहीर केलं. (तू फुटबॉल विसरून सुखी आहेस, म्हणून आठवण देते: कॉलेजातले खेळाडू क्लब एकेक करून उचलतात, गेल्या मोसमात सर्वांत जास्त मार खाल्लेला क्लब आधी.) पहिली दहा नावं क्रमाने लिहून द्यायची, ज्याची जास्त जुळतील, तो आजोबांजवळ बसणार. लहानपणापासून मला त्या खुर्चीइतकं दुसरं काहीच नको होतं, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही. केवळ संदर्भासाठी नोंदवते आहे.

मी पुलांचे सांधे तपासते. कुठे काय कधी निखळेल याचा अंदाज बांधणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी प्रत्येक क्लबची गरज, प्रत्येक खेळाडूचा वेग, हातांची लांबी, जुन्या दुखापती असं सगळं गणितात बसवलं. शेल्बीने मुलाखती पाहिल्या. आईचं नाव घेताना ज्याचा गळा दाटून आला, तो तिच्या यादीत वर. (एका धिप्पाड पोराला तिने केवळ त्याने आजीची पर्स धरली म्हणून चौथा लावला.) मी तिला समजावणार होते, पण आजोबा तिच्या शेजारी बसून डोळे पुसत होते.

गुरुवारी संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे जमलो. पहिलं नाव सगळ्यांचंच बरोबर आलं, दुसरं कोणाचंच नाही. आणि मग तिसऱ्या क्रमांकाच्या क्लबने आपली पाळी सहाव्या क्रमांकाच्या क्लबशी बदलून घेतली. तिथून माझी सगळी यादी घसरली. तरीही माझे बहुतेक खेळाडू मी सांगितलेल्याच क्लबांकडे गेले, फक्त मी लिहिलेल्या क्रमांकावर नाही. मी शांतपणे आक्षेप नोंदवला. (नीलदादा म्हणतो मी ओरडले. त्याच्या ऐकण्यावर विसंबू नये.)

आजोबा कोंबडीच्या तळलेल्या पंखाचं, विंगचं, हाड चोखत म्हणाले, "नंबर म्हणजे नंबर, पोरी. पुलाचा खांब हातभर बाजूला बसला तर चालेल का तुला?"

"आजोबा, खांब आयत्या वेळी आपापसात जागा बदलत नाहीत."

"मग पुलांवरच पैज लाव पुढच्या वर्षी!"

सगळे हसले. पर्सवाला पोरगा बरोबर चौथा गेला. शेल्बी जिंकली, आणि आजोबांनी आपल्या ताटलीतला चपटा विंग उचलून तिच्या ताटलीत ठेवला. ते चपटे विंग कोणाला देत नाहीत, हे तुला माहीत आहे. मला तर तापात असतानाही दिला नव्हता. ती म्हणाली, "अय्या, यात दोन हाडं असतात?" आणि त्यांनी तिला तो खायचा कसा, हे शिकवलं. मी तेवढ्यात सगळ्यांच्या ताटल्या धुतल्या. त्यांपैकी काहींमध्ये अजून जेवण होतं, असं मला नंतर कळलं.

असो. मला वाईट वाटलेलं नाही. कंबरेला जप.

तुझी,
टेसा

ता. क. एक तपशील राहिला. निघताना शेल्बीने मला दारात गाठलं आणि म्हणाली, "टेसा, तूच बस ना गं त्यांच्याजवळ. मला तर मैदानात चेंडू कुठे आहे तेच दिसत नाही." मी म्हणाले, "छे, मला रविवारी कुठे वेळ असतो?" तिने लगेच मानलं.

पुन्हा ता. क. मला रविवारी भरपूर वेळ असतो. तू तिला सहज फोन कर आणि हे पुन्हा एकदा विचारायला सांग, शक्यतो आजोबांसमोर. माझं नाव काढू नकोस. मी शिष्टाचार म्हणून एकदा नाही म्हणेन. तेव्हा तिने लगेच न मानता जरा थांबावं.