उंदीर गाठ मारत नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर
दुपार, चहा व्हायचाय

भिंगरे,

तुला आणि नातजावयांना आशीर्वाद. फोटोतल्या टकलूला दोन जास्तीचे. मी बरी आहे, गुडघे आपापल्या जागेवर आहेत. चौथी पास बाईचं अक्षर आहे, तेव्हा सावकाश वाच.

तर सगळ्यात आधी टपकली ती खालची शिंपीण. कामाची माणसं दहाला यायची होती, ही साडेनवालाच गळ्यात टेप अडकवून जिन्यात हजर. म्हणे, मावशी, तुम्हाला एकटीला गाठून कुणी काहीबाही गळ्यात मारायला नको. मनात म्हटलं, बये, वर काय चाललंय ते तुला बघायचंय, सरळ सांग ना. पण चार वर्षं भाडेकरू असलेली बाई, तोंडावर कसं म्हणणार? स्टूल दिलं, बसली. ती तिकडे दुकान उघडं टाकून आली होती, ते मला मागाहून कळलं.

मग आले हवेवाले. आता म्हणशील हवेवाले म्हणजे कोण. घर गरम किती राहतं, गार किती होतं, कोंदट हवा बाहेर पडते की आतच फिरते, हे बघणारी माणसं. थंडीच्या तोंडावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा घर दाखवायचं असतं म्हणे, दात दाखवतात तसं. दोघं बहीणभाऊ आहेत, दोघांचेही केस पांढरे. भाऊ शिडीवर चढतो आणि बहीण खाली उभी राहून त्याच्या चुका काढते. भाऊ वरून म्हणाला, ताई, तूच ये वर. ती म्हणाली, मी वर आले तर शिडी कोण धरील, तुझी अक्कल? शिंपीण अशी हसली की तोंडातली टाचणी गिळते की काय वाटलं मला. टाचणी तोंडात धरून फिरायची खोड काही जात नाही तिची.

आधी खालचं बघितलं. हीटरच्या पोटातून धुळीची गादीच निघाली. दर महिन्याला जाळी धुवा म्हणाले. शिंपिणीच्या एसीत कापसाचा आणि दोऱ्यांचा एवढा गुंता, की एक उशी झाली असती. तिचं तोंड जरा उतरलं, मला जरा बरं वाटलं. देव मला क्षमा करो.

बाईने मला बसवून नीट समजावलं. थंडीत घर घट्ट बंद करून बसायचं नाही. सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि मग लावून घ्यायच्या. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत, शिळी हवा मात्र जाते. दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवणं म्हणजे हीटरने अख्खी गल्ली गरम करणं. उन्हाळ्यात उलटं. दिवसा पडदे ओढायचे आणि उन्हं उतरली की उघडायचं. कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, मधे हात जाईल एवढी जागा सोडायची. आणि ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत, ते पाणी काही स्वर्गात जात नाही, भिंत पिते. हे ऐकताना मी मान हलवत होते. शहाण्यासारखी.

मग आम्ही वरच्या खोलीत गेलो. तुझ्या.

तुला आठवतं ना, तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, बाळाला घेऊन त्या खोलीत राहणार नाही, आधी खोली कुणाला तरी दाखव, मग बोलू. ते वाचून मला राग आला होता. आज खरं सांगते, मी या दोघांना तुला खोटं पाडायलाच बोलावलं होतं. म्हटलं, कारागिराच्या तोंडून वदवून घेते की खोली ठणठणीत आहे, आणि तसं लिहून पाठवते. शिंपिणीला त्यासाठीच बसवून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून. ती माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती आणि मी तिला कामाला लावणार होते.

त्यांच्याकडे एक पातळ कागद असतो, नव्या चपलेच्या खोक्यात घातलेला असतो तसला. तो भिंतीतल्या जाळीपाशी धरायचा. हवा बाहेर जात असेल तर कागद आपोआप जाळीला चिकटून बसतो. खाली स्वयंपाकघरात बसला होता, न धरता. तुझ्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी, छताखाली ती वीतभर जाळी आहे ना, तिथे भावाने कागद धरला आणि सोडला. सरळ खाली आला, माझ्या पायापाशी.

पुन्हा धरला. पुन्हा पडला.

मी म्हटलं, पक्ष्याने घरटं केलं असेल. भावाने जाळी काढली, हात घातला कोपरापर्यंत आणि ओढलं. काळं काहीतरी निघालं, मांजराच्या पिल्लाएवढं. शिंपीण म्हणाली, अगबाई, हे तर लोकरीचं आहे. तिच्या हाताला कापड लागलं की संपलं, लगेच टाके मोजते. झटकलं, एक टोक ओढून बघितलं, आणि म्हणाली, मफलर आहे हा मावशी, तपकिरी. हा आत गेलाच कसा?

मी म्हटलं, उंदराने नेला असेल.

तेव्हा त्या हवेवाल्या बाईने तो हातात घेतला. घट्ट गोळा करून वरून गाठ मारलेली होती. तिने गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "मावशी, उंदीर गाठ मारत नाही."

शिंपिणीने तोंडातली टाचणी काढून हातात धरली, यावरून काय ते समज.

भिंगरे, तो आजोबांचा मफलर. ते गेल्यावर तू आठवण म्हणून मागितलास, आणि मी सांगितलं, सापडत नाही. सापडत होता. तू शिकायला इथे आलीस, त्या पहिल्याच रात्री वारा सुटला होता. त्या जाळीतून गार झोत यायचा तो थेट तुझ्या कपाळावर. तू झोपेत पाय पोटाशी घेतलेस. मी स्टुलावर चढले, जाळी काढली आणि हाताला जे लागलं ते गाठ मारून कोंबलं. आजोबा असताना मला हे करताच आलं नसतं. गवंडी माणूस, ते भोक त्यांनी स्वतः ठेवलेलं. म्हणायचे, हे घराचं नाक आहे, काही झालं तरी बुजवू नकोस. ते गेले आणि वर्षाच्या आत मी बुजवलं, तेही त्यांच्याच मफलरने. मग तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

विसरले होते असं लिहिता आलं असतं. विसरले नव्हते. दर थंडीत तिकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, माझी पोर उबेत आहे.

तू खोकायला लागलीस तर मी काय केलं? खिडकीच्या फटीत कागद भरले. तुझे धुतलेले कपडे तुझ्याच हीटरवर वाळवले, सकाळी गरम मिळावेत म्हणून. रात्री पातेलंभर पाणी उकळून वाफेला ठेवलं, दार लावून. कपाटामागे काळे डाग आले तर दर वर्षी रंगाचा हात मारला. आज त्यांनी कपाट ओढलं. रंगाच्या चार थरांखाली भिंत काळी होती, आणि हात लावला तर ओली. बाई म्हणाली, या खोलीत निजणाऱ्याची छाती भरणारच. माझ्याकडे न बघता म्हणाली. बरी आहे बाई.

तू मला म्हणाली होतीस, "आजी, या खोलीत मला दम लागतो." आणि मी म्हणाले, "सरळ सांग की म्हातारीचा कंटाळा आलाय." त्यावर तू ट्रंक भरलीस. दोन हिवाळे झाले. मी गल्लीभर सांगत फिरले की नातीला आता आमचं घर चावतं. ते खरंच चावत होतं ग, आणि त्याला दात मी बसवले होते.

आता पुढचं ऐक, रडू नकोस, मी रडत नाहीये. भावाने भोक आतून साफ केलं. पुन्हा कागद धरला. शिंपीण स्टुलावरून उठून उभी राहिली. त्याने बोट काढलं, आणि कागद जाळीवर टपकन बसला, तसाच राहिला. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, या वयात. शिंपीण नाक पुसत होती, म्हणे धुळीने. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. खोलीतच खोट असती तर मी काय करणार होते? खोट माझी निघाली, म्हणजे काढता येते.

भिंत खरवडून घ्यायची, वाळू द्यायची, मग रंग. आठ-दहा दिवस खिडक्या उघड्या. गार झोत आत येणार नाही पण कोंदट हवा बाहेर जाईल अशी एक झडप असते, ती जाळीवर बसवणार आहेत. आजोबांच्या वेळी तसली मिळत असती तर त्यांनीच बसवली असती, आणि मी स्टुलावर चढले नसते. पण ते जाऊ दे, झडपेवर ढकलत नाही.

खोलीच्या हवेत किती ओल उरली ते सांगणारं एक लहान यंत्र खोलीत ठेवून गेलेत, त्यावर आकडा येतो. तो साठाच्या खाली उतरला की बाळाला आणायला हरकत नाही, असं बाईने सांगितलं. आज त्र्याहत्तर आहे. रोजचा आकडा मी कागदावर लिहिते आणि शिंपीण खाली सही करते, म्हणजे तुला माझ्या शब्दावर विसंबायला नको. ये म्हणत नाही. मी पुष्कळ ठरवलं तुझ्या वतीने, आता आकडा बघून तू ठरव. नाही आलीस तर रुसणार नाही. थोडी रुसेन, पण गल्लीत सांगणार नाही.

मफलर दोनदा धुतला, पाणी शाईसारखं निघालं. वाळत घातलाय. बाहेर, दोरीवर. तुझा आहे.

जाळीला चिकटून बसलेला तो पातळ कागद पाकिटात घातलाय. इस्त्री करू नकोस, आहे तसाच ठेव.

तुझी,
गाठ मारणारी
आजी

ता. क. झडप घेऊन ती दोघं गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी दहाला परत येतो म्हणालीत.