आक्का, ते बोलणं तारिणीचं होतं

प्रिय आक्का,

गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? हसशील तू. पण उद्या सकाळी इथं माणसं बसणार, सुपारी फुटणार, आणि मला दाजींना द्यायचं पक्कं होणार. दुसरेपणावर. तेही तुझ्या शब्दावरून! मग मी तुला नाही तर कोणाला लिहू?

देवणीतच आहे मी, तुझ्या घरात. तू गेलीस तेव्हा तुझ्या लेकीला, ओवीला सांभाळायला म्हणून आले, ती इथंच अडकले. लातूरच्या चष्म्याच्या दुकानातून मालकांचा फोन येतो, "शीतल, कधी येतेस?" मी म्हणते, येते की. आता तेही विचारायचे बंद झाले. ओवी दुपारची झोपली आहे, तुझ्या सासूबाई शेजारी उद्याचं आमंत्रण द्यायला गेल्यात. तेवढ्यात लिहून राहिले.

समदं त्या मेल्या 'निळागड'मुळं झालं बघ!

किती भांडलो गं आपण त्या शिरेलीवरून! भाग संपला की तुझा फोन. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी मी मागं जाऊन उचलायची. गडावरच्या निळ्या गादीचा शाप तुला अगदी मान्य होता. जी बाई त्या गादीवर बसेल तिला गडाच्या दारातून पुन्हा बाहेर पडता येत नाही. मी म्हणायची, असा कुठं शाप असतो? तू म्हणायचीस, "असतोय. तुला न्हाई कळायचं, तुझं लगीन व्हायचंय." आणि आपणच हसायचो.

मग थोरली राणी मेघावती दगडाची झाली. तिचं लेकरू लहान, गादी रिकामी, आणि धाकटी बहीण तारिणी दारात उभी. बसू की नको? त्या एका प्रश्नावर शिरेलवाल्यांनी किती भाग ओढले! शिरेल बघणाऱ्यांच्या आपल्या मोबाईलवरच्या ग्रुपवर तर लढाईच लागली होती. उदगीरच्या काकू म्हणायच्या, बसलंच पाहिजे, रक्ताचं नातं आहे. इस्लापूरचे ते गुरुजी म्हणायचे, लेकरू उचला आणि गडाबाहेर पडा, गादी काय चाटायची आहे का? मी गुरुजींच्या बाजूनं. तू काकूंच्या. सख्ख्या बहिणी आणि ग्रुपवर एकमेकींच्या उरावर!

आता दवाखान्यातली ती दुपार आठव. मला तर ती पुसून टाकता येत नाही.

तुझा ताप उतरला होता. तोंडाला चव आली म्हणालीस. आपली आत्या, अण्णांची बहीण, मोसंबी सोलून राहिली होती, दाजी खिडकीपाशी स्टुलावर. तुझ्या उशाशी मोबाईल टेकवून आपण चुकलेला भाग बघितला. तो संपला आणि लागलीच आपलं सुरू झालं.

"बसायलाच पायजे धाकटीनं," तू म्हणालीस.

"आणि जन्मभर आत कोंडून घ्यायचं?"

"लेकराला मावशीवाणी कोण बघणार हाय? दुसरी कोणी येऊन बसली तर लेकराचे हाल कुत्रं खायचं न्हाई. थोरलीच्या जागी धाकटीच बसावी."

"आणि तिचा जीव न्हाई का तिला?"

"होतंय गं समदं सवयीनं."

दाजीसुद्धा बोलले होते त्यात. "त्या वज्रसेनानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर ही पाळीच आली नसती," असं म्हणाले. सेनापतीवर त्यांचा लई राग होता. त्याला खरं ठाऊक होतं आणि तो भर दरबारात गप बसला, म्हणून.

त्या रात्री ताप परत चढला. नंतर तू आमच्याशी बोललीच नाहीस.

तेराव्याला जेवणं उरकली, माणसं ओट्यावर टेकली, आणि आत्यानं पदर तोंडाला लावून सांगितलं, "माझी बाळी जाताना सांगून गेली. थोरलीच्या जागी धाकटीच बसावी म्हणली. लेकराला मावशीवाणी कोण बघणार म्हणली. मी ह्या कानानं ऐकलं." शपथही घेतली, ओवीच्या डोक्यावर हात ठेवून.

आक्का, आत्या खोटं बोलली नाही गं! हेच तर माझं मरण आहे. शब्द न् शब्द तुझाच. तिला शिरेल ठाऊक नाही, तारिणी ठाऊक नाही. तिनं मोसंबी सोलता सोलता जे ऐकलं ते सांगितलं. खोटं असतं तर मी तिच्याशी भांडले असते.

मी उठून म्हणाले, "अहो, ते शिरेलीचं होतं! आम्ही निळागडाचं बोलत होतो!"

सगळा ओटा माझ्याकडं वळला. मग तुझ्या चुलत सासऱ्यांनी विचारलं, "मरायला टेकलेलं माणूस शिरेलीचं बोलतंय व्हय?"

बोलतं की! तू बोललीस की! पण हे ओरडून सांगितलं तेव्हा मलाच कसंतरी वाटलं. मायनं माझा दंड धरून आत नेलं. "बहिणीच्या शेवटच्या शब्दाला शिरेल म्हणतीस? जीभ झडंल तुझी." माय मला कधी असं बोलली नव्हती. बोलली आणि स्वतःच रडत बसली.

अण्णांना तरी पटवावं म्हणून मी त्यांना तो भागच दाखवला. मी शिरूरला माहेरी गेले होते तेव्हा. चष्मा लावून, मोबाईल लांब धरून त्यांनी पूर्ण बघितला, मधल्या जाहिरातींसकट. मला वाटलं, सुटले! संपल्यावर अण्णा म्हणाले, "मग बरोबरच हाय की. ह्यात बी तेच सांगितलंय."

काय करू सांग! कपाळ बडवून घेऊ?

राहिले दाजी. ते होते तिथं. त्यांच्याशिवाय साक्षीदार कोण? गोठ्यात बैलाला पेंड घालत होते तेव्हा मी गाठलं त्यांना. म्हणलं, "दाजी, दवाखान्यात आम्ही कशाबद्दल बोलत होतो? एवढंच सांगा समद्यांना. दुसरं काही मागत न्हाई."

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता कशाला ते उकरायचं? ओवी तुझ्यावर हिळली हाय, तुझ्याबिगर जेवत न्हाई."

"मी ते विचारलं न्हाई."

"मला नीट आठवत न्हाई, शीतल."

ज्या माणसाला गडाच्या कुठल्या दारावर कुठला राक्षस उभा आहे हे पाठ, त्याला आठवत नाही! मी त्यांना तिथंच म्हणाले, "वज्रसेनाला कशाला शिव्या देत होतात मग?" त्यांनी मान खाली घातली. डोळे भरले होते त्यांचे, मी बघितलं. वाईट माणूस नाही गं तुझा नवरा. आईपुढं बोलता येत नाही, आणि मी आले तर त्यांचं घर पुन्हा लागतं, एवढंच. पण त्यांच्या गप बसण्याची किंमत माझा जन्म आहे.

तुझ्या सासूबाईंनी सोनाराकडं तुझा टाक करायला टाकलाय. चांदीचा पत्रा, त्यावर गेलेल्या बाईचं रूप. लग्नात माझ्या गळ्यात बांधायचा, सवतीचा टाक म्हणून. परवा मला म्हणाल्या, "रोज नैवेद्य दाखवायचा बरं का, न्हाईतर ती तरास देती." तू? मला त्रास देणार? माझ्या वेण्या घालून दिल्यास, मला सायकल शिकवलीस, आणि आता मी तुला सवत म्हणू? तुला गळ्यात अडकवून तुझ्याच चुलीपुढं बसू?

आणि ओवी. तिथं मी पार अडकते. परवा न्हाऊ घालताना तिनं मला "माय" म्हणून हाक मारली. मी म्हणलं, "मावशी म्हण." तर म्हणते, "आजी म्हणली माय म्हण." बायका मला रोज सांगतात, तू नाही म्हणलीस तर दुसरी येईल, मग ह्या लेकराचं तोंड दिवाळीला दिसलं तर दिसलं. खोटंही नाही ते. रागानं पिशवी भरते मी, आणि ओवी येऊन त्या पिशवीवर बसते. लातूरची एसटी आपली निघून जाते.

निळागड संपली, बरं का. शेवटचा भाग मी एकटीनं बघितला, स्वयंपाकघरात, आवाज बंद करून. तारिणी बसली गादीवर. फुलं पडली, शंख वाजले, दारं लागली. तू जिंकलीस! उदगीरच्या काकूंनी ग्रुपवर पेढ्यांची चित्रं टाकली. इस्लापूरच्या गुरुजींनी एकच ओळ लिहिली, "पोरीला कोणी विचारलं का?" मी ती ओळ वाचली आणि ओढणी तोंडात कोंबून रडले. त्या माणसाचं मी तोंडही बघितलेलं नाही. पण एवढ्या दिवसांत तो प्रश्न दुसऱ्या कोणाला सुचला नव्हता.

आता तुझ्याशी भांडायचंय मला. तू ते बोलताना माझा हात का धरला होतास? मोबाईल बंद झाला होता, तारिणी पडद्यावर नव्हती, आणि तू माझ्याकडं बघून राहिली होतीस. "होतंय समदं सवयीनं" म्हणालीस, ते कोणाचं होतं? तुला काही कळून चुकलं होतं का? मी किती वेळा मनात ती दुपार उलटीपालटी केली. कधी वाटतं शिरेलच. कधी वाटतं, नाही, आक्का मलाच सांगत होती. आणि तसं असेल तर मला तुझा लई राग येतो! स्वतः ह्या घरात सवय करत करत जगलीस, आणि जाताना मलाही तीच वाट दाखवलीस?

पण काल भाकरी थापताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. मी इतके दिवस सगळ्यांपुढं घसा कोरडा केला, शिरेल होती, शिरेल होती म्हणून. म्हणजे शिरेल नसती तर मी बांधलेली होते का? तुझा शब्द खरा निघाला असता तर गप मान खाली घालून बसले असते का? मीच त्यांना सांगून राहिले होते की आक्काचा शब्द असेल तर मला जावं लागेल. दार मीच आतून लावत होते, आणि मीच ठोकत होते.

म्हणून उद्या मी शिरेलीचं नाव काढणार नाही. आत्याला खोटं पाडणार नाही. दाजींकडं बघणारही नाही. सुपारी फुटायच्या आधी उठून एवढंच म्हणणार, की आक्का तसं म्हणाली असेल, पण माझी मर्जी नाही. माय बोलायची बंद होईल, अण्णा शिरूरच्या घरात घेतील का नाही ठाऊक नाही, आणि इथलं दार माझ्यावर बंद होईल हे तर मला दिसतंच आहे. ओवी त्या दाराच्या आत राहील.

तू शिरेलीचं बोललीस की माझं, ते आता तुलाच ठाऊक. मी विचारायचं सोडलं. तू माझ्या डोळ्यांत बघून, माझं नाव घेऊन म्हणाली असतीस, तरी माझं उत्तर हेच होतं, आक्का. न्हाई.

आणि हा शब्द तुला देते. मी लातूरहून येत राहीन. दारात उभं करतील, उभी राहीन. परत पाठवतील, पुन्हा येईन. ओवी मोठी होऊन एक दिवस विचारेल, तू माझी माय का झाली न्हाईस? तेव्हा मी तिच्यापासून काही लपवणार नाही. सांगेन, तुझी माय एकच होती, बाई, आणि ती लई भांडकुदळ होती. तिची जागा मी घेतली न्हाई, म्हणून तर मी अजून तुझी मावशी हाय.

तुझं न ऐकणारी,
शीतल