धाकट्याची उत्तरं

९ एप्रिल, बुधवार

हे गणित धाकट्याचं नाही. पैजेवर सांगते!

टीव्हीवरच्या कोड्यांच्या कार्यक्रमात आजचे आकडे: ५०, ९, ६, ४, ३, २. बेरीज-वजाबाकी-गुणाकार करून गाठायचे होते ४३९. मी ४३५ वर जाऊन बसले आणि घंटा वाजली. लगेच त्याचा मेसेज: ५० × (६ + २) = ४००. ९ × ४ = ३६. अधिक ३.

उत्तर चोख. पण रीत? माझा भाऊ पंचवीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा आहे. आधी जास्त घ्यायचं, मग तासत तासत मापावर आणायचं — लोखंड असो नाहीतर गणित. तो लिहिणार: पन्नास नवे साडेचारशे, त्यातून सहा, तीन, दोन उडवा. लहानपणी पेन्सिलीला टोक काढायला बसला की निम्मी पेन्सिल संपवायचा. असा माणूस खालून एकेक घालत वर कशाला चढेल?

गेले तीन-चार आठवडे काहीतरी खटकत होतंच. कशावर बोट ठेवायचं ते कळत नव्हतं. आता कळलं, तर डोकंच चालेना.

१० एप्रिल, गुरुवार

अक्षरांच्या फेरीत नऊ अक्षरं देतात, काना-मात्रा-वेलांटी आपल्या पदरची. आज आली क, न, स, ळ, त, र, व, ग, म. मी ‘नवसागर’ केला — पाच अक्षरी! छापखान्यात औषधांची माहितीपत्रकं तपासत आयुष्य गेलं, त्यामुळे असले शब्द हाताला लागतात. नोकरीचा तेवढाच फायदा.

धाकट्याचा शब्द आला: ‘रवाळ’.

रवाळ?? समोर ‘करवत’ पडली आहे, ‘कानस’ पडली आहे, आणि हा रवाळ म्हणतो!

११ एप्रिल, शुक्रवार

दुर्बिणीला सांगितलं. छापखान्यात माझ्या टेबलाला टेबल लावून बसते ती. भिंग डोळ्याला लावूनच जन्मली असावी म्हणून हे नाव. म्हणाली, “अगं, माणूस बदलतो. तू बदलत नाहीस म्हणून सगळ्यांनी तसंच राहायचं का?”

दुपारपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

तिला काय सांगायचं? तीन वर्षांत आम्हां बहीणभावांत दुसरं काही उरलेलंच नाही. साडेपाचला कार्यक्रम, एक फेरी आकड्यांची, एक अक्षरांची. घंटा वाजली की त्याचं उत्तर इकडे, माझं तिकडे. ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलास का’ नाही.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी एकोणीस. मी वाढवला त्याला. बेचाळिसाव्या वर्षी त्यानं लग्न ठरवलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईशी. तिला घेऊन दारात आला. मी दार अडवून उभी. म्हणाले, “तू ये. हिला आणणार असशील तर दोघंही येऊ नका.” ती खाली बघत होती. हातात कसलातरी डबा होता.

दोघंही आले नाहीत. आठव्या दिवशी साडेपाचनंतर फोन वाजला. नुसता आकडा: ५१२. आधी काही समजेना, मग टीव्हीकडे बघितलं. मीही माझं उत्तर पाठवलं. तेव्हापासून हे असं चाललंय. हे तुटलं तर माझ्याकडे त्याचं काहीसुद्धा नाही.

१२ एप्रिल, शनिवार

शनिवार-रविवार कार्यक्रम नसतो. हे दोन दिवस काढले कुणी!

१४ एप्रिल, सोमवार

मूर्खपणा केला.

आज दोन्ही फेऱ्यांत तो बरोबर, दोन्हीत मी चूक. आकड्यांत पुन्हा तेच — थोडं घाल, बघ, आणखी थोडं घाल. मला वाटलं, हल्ली फोनला विचारलं की फोन सगळं सांगतो म्हणे, तसलं काहीतरी करतोय. डोक्यात तिडीक गेली. पाठवून दिलं: “लबाडी करतोस. हे तुझं नाही.”

तीन वर्षांतलं माझं पहिलं वाक्य, आणि ते हे!

दहा वेळा फोन उचलून बघितला. वरण करपलं.

१५ एप्रिल, मंगळवार

आलं! उत्तर आलं, जीव भांड्यात पडला. पण हे काय आहे?

आकडे: २५, १०, ८, ४, ३, १. गाठायचे २५४. पोरसुद्धा सांगेल — पंचवीस दाहे अडीचशे, अधिक चार. त्यानं काय लिहिलं? २५ × १० = २५०. अधिक ८ = २५८. वजा ४.

चार हाताशी असताना आधी आठ घातले आणि मग चार काढले! कालचं बोलणं मनावर घेऊन मुद्दाम तासून दाखवतोय? की माझी टिंगल चाललीय? टिंगल असेल तर बरंच आहे, म्हणजे त्याला अजून राग तरी येतो माझा. पण टिंगल अशी नसते त्याची. हे कुणीतरी धडपडत त्याची नक्कल करावी तसं दिसतं. त्याची नक्कल तो कशाला करेल?

काही म्हणता काही कळत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

त्याचं बरोबर. माझं लक्षच नव्हतं. आकडे उतरवून घेतानाच चुकले.

१७ एप्रिल, गुरुवार

आज छापखान्यात एका गोळीच्या पत्रकात ‘दिवसातून दोनदा’चं ‘दिवसातून दहादा’ झालेलं माझ्या नजरेतून सुटलं. दुर्बिणीनं पकडलं. कागद माझ्यापुढे सरकवला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ती म्हणाली, “उठ आणि जाऊन बघून ये त्याला. कोडं टीव्हीवरचं बरं असतं.”

मनात नको ते येतंय. हात यंत्रात सापडला असेल. अंथरुणाला खिळला असेल आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेत असेल. आणि मी त्याला लबाड म्हणाले!

उद्या अर्धी रजा.

१८ एप्रिल, शुक्रवार

बघून आले. आता तर काहीच कळत नाही. क्रमानं लिहिते.

सव्वापाचला त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचले. पहारेकऱ्याला म्हटलं, लेथवर माझा भाऊ आहे. तो म्हणाला, “हां, ते होय! महिना झाला, दुसऱ्या पाळीला असतात. स्वतः मागून घेतली त्यांनी. बोलावू का?”

“नको,” म्हटलं. “नुसतं बघते.”

त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं, पण खिडकीपाशी जाऊ दिलं. काचेवर तेलाचा थर. हातरुमालानं टीचभर पुसली. आत तो होता. दोन्ही हात शाबूत, दहाच्या दहा बोटं! केस पांढरे झालेत, जाड झालाय. शेजारच्याला काहीतरी ओरडून सांगितलं आणि मान मागे टाकून हसला. ते हसणं मी किती दिवसांनी बघितलं! मला इतका आनंद झाला की हाक मारणार होते. पण हाक मारून पुढे काय बोलायचं? तीन वर्षांत तोंडाला सवयच राहिली नाही.

आणि माझ्या हातातला फोन वाजला.

त्याचाच नंबर. ७५ × ८ = ६००. ६ × ३ = १८. ६१८.

वर बघितलं. तो लोखंडावर वाकलेला, दोन्ही हात चाकांवर. खाली बघितलं. उत्तर त्याच्याच नावावर. पुन्हा वर बघितलं. भिंतीला टेकले. पहारेकऱ्यानं खुर्ची दिली.

“आत फोन नेतात का हो?”

“छे! सगळ्यांचे इथे कपाटात असतात. हा बघा त्यांचा.” लाल कव्हरचा, नवा कोरा.

मी तिथेच बसून धाकट्याचा नंबर लावला. कपाट गप्प. माझ्या कानात मात्र घंटी वाजत होती, कुठेतरी दुसरीकडेच. कुणी उचललं नाही. मग कापला.

घरी कशी आले आठवत नाही. चष्मा बसमध्ये राहिला असता, एका बाईनं हाका मारून दिला.

१९ एप्रिल, शनिवार

तो ठणठणीत आहे. मग हे कोण आहे? विचारायचं तर आहे, पण विचारलं आणि सोमवारपासून काहीच आलं नाही तर?

२१ एप्रिल, सोमवार

आकड्यांची फेरी संपली. घंटा वाजल्यावर उत्तराऐवजी लिहिलं: “कोण आहेस तू?”

उत्तर आलं:

“वन्सं, मी. त्यांनी नवा नंबर घेतला, हा फोन घरी ठेवून दिला. म्हणाले, पुरे झालं आता, ताईला कळेल आपोआप. मला गणित फार येत नाही, अंदाजानं घालत जाते. पण तुम्ही तिकडे एकट्या फोन घेऊन बसाल, ते मनाला पटेना. चुकलं असेल तर माफ करा.”

धाकट्यानं सोडलं मला. आणि ही, जिला मी घरात पाऊल टाकू दिलं नाही, ती महिनाभर रोज साडेपाचला माझ्यासाठी बसत होती. लाज वाटली. खूप रडले.

टीव्हीवर अक्षरं यायला लागली. मला सहा अक्षरी शब्द दिसला. पाठवला नाही. लिहिलं, “आज आधी तुझा येऊ दे.”