स्त्री-भूमिकेचा करंडक

मी, चंद्राबाई भ्रतार कैलासवासी विठोजीराव मोहिते, वय सदुसष्ट, राहणार बळेपेट, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, असे आमचे डॉक्टर जयतीर्थ खाली लिहून देणार आहेत. छातीबद्दल मात्र ते काही लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणून ही घाई.

घर. बळेपेटेतील राहते घर मला माझ्या वडिलांनी दिलेले असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते माझा मुलगा चंद्रकांत आणि सून हेमलता यांना निम्मे निम्मे मिळावे. चंद्रकांत गुणी आहे, घड्याळाच्या कारखान्यात त्याला मान आहे, पण लोक काय म्हणतील या विचाराने त्याची झोप उडते. गेली दोन वर्षे तो हेमलतेला "माझ्या घरात आता नाटकं नकोत" असे म्हणत आला आहे. यापुढे हे वाक्य त्याला निम्म्याच घरापुरते म्हणता येईल.

ग्रामोफोन आणि तबकड्या शेजारच्या कस्तुराबाईंना द्याव्यात. त्या इतकी वर्षे भिंतीला कान लावून ऐकत आल्या, आता समोर बसून ऐकू देत. नव्या मोठ्या तबकड्यांबद्दल माझे मत त्यांना ठाऊक आहे, तरी नोंदवते. जुन्या तबकडीवर गवयाला तीन मिनिटांत काय ते सांगावे लागे. आता एका बाजूला वीस-वीस मिनिटे मिळतात, तर गवई पाहुण्यासारखे ऐसपैस बसतात आणि मुद्द्यावर येतच नाहीत. गेल्या दसऱ्याला आणलेली ठुमरीची तबकडी तेवढी वेगळी. गाणारी बाई उतारवयाची आहे. शेवटी तिचा आवाज फाटतो आणि तिने तो तसाच राहू दिला आहे. कस्तुराबाईंनी ती तबकडी दुपारी, घरात कोणी नसताना लावावी.

मुंबईहून येणारे सिनेमाचे मासिक माझ्यामागे बंद करावे. यंदाचे अभिनयाचे पारितोषिक त्यांनी ज्या नटीला दिले तिचा चित्रपट मी मॅजेस्टिककडच्या टॉकीजमध्ये दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा वाटले, आपलेच काही चुकत असेल. चुकले नव्हते. ती बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडते, आणि तेही चेहऱ्याची पावडर न बिघडवता. त्याच चित्रपटात तिच्या सासूचे काम करणारी कोणी अनोळखी बाई आहे. मुलाच्या अपघाताची तार वाचली जात असताना ती उतू जाणारे दूध चुलीवरून उतरवून ठेवते आणि मग खाली बसते. तिचे नाव सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्येही धड वाचू दिले नाही. जो रडे त्याला बक्षीस, असा सगळीकडचाच न्याय आहे. आमच्या मंडळाचाही आहे, आणि आता त्याविषयी लिहिते.

चांदीचा करंडक. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पेटापेटांची नाटके होतात आणि उत्कृष्ट स्त्री-भूमिकेला हा करंडक मिळे. बायकांची कामे पुरुषच करीत आले. सलग तीन वर्षे जिंकणाऱ्याने करंडक कायमचा घरी न्यायचा, असा नियम होता, आणि तो एकट्या माझ्या यजमानांनी नेला. तेव्हापासून मंडळ दुसरा, पितळेचा करंडक देते. यजमान व्यवसायाने शिंपी. रंगभूमीवर उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या पुरुषांनाही पदर सावरावासा वाटे. आता मंडळाचे अध्यक्ष आप्पाजी तो करंडक परत मागत आहेत. यजमानांच्या स्मरणार्थ दरवर्षी द्यायचा म्हणतात. तो मंडळाला देऊ नये. का, ते सांगते.

आमची पहिली मुलगी कावेरी चौथ्या वर्षी घटसर्पाने गेली. घर माणसांनी भरलेले होते तोवर मला रडू आले नाही. सगळे गेल्यावर मी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले आणि तेव्हा फुटले. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला आणि हात तसेच चालू ठेवले. मान वर केली तर दारात यजमान उभे होते. बघत होते. आत आले नाहीत.

त्या वर्षीच्या उत्सवात त्यांना मूल गेलेल्या आईचे काम होते. मी बायकांच्या बाजूला बसले होते. पडदा उघडला. ते सूप घेऊन बसले, तांदूळ निवडू लागले, पदराचा बोळा तोंडात धरला. अंगावर लुगडेही माझेच होते. भोवतालच्या बायका हुंदके देत होत्या आणि मी एकटी कोरडी बसले होते. भर चौकात कोणी पदर ओढावा तसे मला झाले. करंडकाचे ते पहिले वर्ष.

यजमान वाईट नव्हते. रडायला त्यांना तेवढी एकच जागा होती, हे मला फार पुढे कळले. कळले, तरी राग गेला नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहिल्या आहेत आणि अजून त्यांचे पटलेले नाही.

त्या दिवसापासून आमच्या मंडळात मूल गेलेली आई म्हटली की सूप आणि पदराचा बोळा ठरलेला. पोरगेलीशी पोरे ते करतात आणि कोणाचे आहे ते त्यांना ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी बळेपेटेच्या नाटकातला स्त्री-पार्टी विषमज्वराने पडला आणि आयत्या वेळी हेमलता उभी राहिली. काम तेच, आईचे. तिने सूप घेतलेच नाही. दोरीवरचे मुलाचे झबले काढले, घडी करायला घेतली, आणि घडी अर्धी राहिली. तेवढेच केले. मंडळात पहिल्यांदाच मी स्वतःला न बघता नाटक बघितले, आणि तेव्हा मला रडू आले. कावेरीसाठी चारचौघांत रडले ते तेव्हाच.

त्या वर्षीचा करंडक मिळाला कॉटनपेटेच्या मुलाला. सूप, बोळा, सगळे यथासांग. मी आप्पाजींना विचारायला गेले.

"अक्का, हेमी सूपच घेतली न्हाई. मग रडली कशी म्हणायचं?" ते म्हणाले. "आणि बाईनं बाईचं काम केलं, त्यात आक्टिंग कुठली? घरात करती तेच वर केली."

मी घरी आले. उत्तर मागे ठेवले होते, ते हे. घरातला चांदीचा करंडक हेमलतेला मिळावा. त्यावरचे यजमानांचे नाव तसेच राहू द्यावे, त्याच्याखाली कावेरीचे नाव कोरून घ्यावे. हेमलतेने पुन्हा रंगभूमीवर जावे अशी माझी इच्छा आहे, पण ती अट नाही. बायकांवर अटी घालणारे पुष्कळ आहेत.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम आप्पाजींना बोलावले. साक्षीदाराला मजकूर ऐकवावा लागत नाही, तरी मी त्यांना आणि डॉक्टरांना वरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. आप्पाजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ते सूप तुझं होतं, अक्का?"

"माझंच. अजून फडताळावर आहे."

"आम्हाला म्हाईत नव्हतं की गं."

"म्हाईत असतं तर करंडक दिला नसता?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "यंदा बळेपेटेचं नाटक बसतंय. हेमीला पाठव. सूप पायजे म्हणून कोण बोलणार न्हाई."

"मला नका सांगू. तिला विचारा."

ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिला विचारून आले. ती काय म्हणाली ते तिचे आहे, येथे लिहीत नाही. परत येऊन त्यांनी पेन मागितले.

सही करण्यापूर्वी एक कलम वाढवते. मी गेल्यावर या घरात रडे होईल. माझी सून रडेल, कदाचित मुलगाही रडेल. त्या वेळी कोणीही दारात उभे राहून बघू नये. आत येऊन जवळ बसायचे असेल त्याने बसावे. नाहीतर अंगणात जावे.

हे मी शुद्धीवर लिहिले, वाचले आणि दोघांच्या देखत सही केली.

चंद्राबाई विठोजीराव मोहिते

साक्षीदार:
१. आप्पाजी रामोजी सूर्यवंशी, अध्यक्ष, मराठी मंडळ
२. डॉ. जयतीर्थ. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, मी तपासले आहे.

बळेपेट, बेंगळूर
९ ऑगस्ट १९६४